फोटो नसलेली कवळी

बस आगाराच्या कचेरीत वेबपानं बनवणाऱ्या या गृहस्थांना सगळे चौकटराव म्हणत, कारण ते पान कधी हाताने मांडत नसत. सर्व्हरकडून सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी येत आणि त्यांचा प्रोग्राम प्रत्येक नोंदीमागे पडद्यावर एक चौकट उभी करी. वर फोटो, खाली वस्तूचं नाव, त्याखाली तारीख. "चार छत्र्या आल्या तर चार चौकटी, चारशे आल्या तर चारशे. मी बोटही लावत नाही," हे ते घरीही इतक्यांदा सांगत, की बायको समोर भाजीची टोपली ठेवून म्हणे, "हिला मात्र लावा."

सोमवारी सासऱ्यांची कवळी बसमध्ये राहिली. नातीला बोळकं हसू दाखवायला काढली, रुमालात गुंडाळून सीटवर ठेवली आणि उतरले. रविवारी त्यांना जुन्या सहकाऱ्यांसमोर भाषण करायचं होतं.

"जावईबापू, आगारात जरा विचारा की," शब्दांतून वारा जात असताना ते म्हणाले.

"विचारायचं कशाला, बाबा? पान मीच केलंय. सापडली की चौकट दिसेल."

हरवलेल्या वस्तूंची खिडकी चौकटरावांच्या खोलीपासून एकोणीस पायऱ्या खाली होती. त्या उतरणं म्हणजे स्वतःच्या पानाचा अपमान.

शुक्रवार उजाडला तरी पानावर सहाच वस्तू. पाच छत्र्या आणि एक डबा. लोक सुधारले, असा चौकटरावांनी निष्कर्ष काढला.

"अहो, पाच दिवसांत सहा वस्तू?" बायको फोनवर म्हणाली. "तेवढ्या तर तुम्ही एकटे हरवता."

हे मात्र लागलं. त्यांनी सर्व्हरकडून आलेली यादी उघडली. नोंदी एक्केचाळीस! सातव्या नोंदीत फोटोची जागा रिकामी होती. प्रोग्राम तिथे फोटो मागायला गेला, मिळाला नाही, आणि रुसून बसला. सातवीसकट पस्तीस वस्तू पडद्याआडच राहिल्या. सातव्या वस्तूचं नाव होतं कवळी.

चौकटराव एकोणीस पायऱ्या एका दमात उतरले.

"बाई, हिचा फोटो का नाही काढलात?"

खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाचे दात असे चारचौघांत मांडायचे? बिचाऱ्याला याच गावात राहायचंय."

वर जाऊन चौकटरावांनी प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. फोटो नसेल, तर नुसत्या अक्षरांची चौकट. पान एक्केचाळीस चौकटींनी गच्च भरलं.

तासाभरात सासरे खिडकीशी हजर.

"तुमचीच कशावरून?" बाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी पाठ फिरवली, कवळी बसवली आणि वळून रविवारच्या भाषणाचं पहिलं वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नोंदीवर 'परत दिली' अशी खूण केली.

"बघा बाबा," चौकटरावांनी मोबाइल पुढे केला, "ती चौकट आपोआप गेली. बोटही लावलं नाही."

"पान झकास आहे हो," सासरे म्हणाले. "पण पुढच्या वेळी आधी जिना उतरा."