ब्रोकोलीचे मोड

खिडकीतल्या वाटीत ब्रोकोलीचे मोड बोटभर वाढलेत. त्यांतलं उग्र द्रव्य प्रकृतीला फार चांगलं आणि शिजवलं की गुण जातो म्हणे, म्हणून बायको रोज सकाळी ते माझ्यापुढे कच्चेच ठेवते.

"अगं, मी काय शेळी आहे?"

"मुकाट्यानं खा. साठी उलटलीय तुमची."

चावता चावता वाटतं, कीड लागू नये म्हणून रोप हे द्रव्य स्वतःसाठीच तर बनवतं. एवढ्याशा कोंबालाही स्वतःला जपायची अक्कल असते!

"आणि तू?" मी विचारतो.

"मला काय धाड भरलीय?" म्हणत ती ओट्याशी उभ्यानंच कालची शिळी पोळी चहात बुडवते. रोज हेच!

आज वैतागून मी वाटी तिच्यापुढे आपटली. तिनं मोडांवर झाकण ठेवलं.

"राहू दे. संध्याकाळी तुम्हालाच होतील."