घोड्याचा चारा

चिंचवडच्या बाजारात ज्योतीरामला सगळे ‘घोडेवाला’ म्हणत, आणि त्याच्याकडे घोडा सोडा, शेळीसुद्धा नव्हती. कासारवाडीला स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या, दारात एक लिंबाचं झाड, बायको दुर्गाबाई आणि पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यातली नोकरी, एवढाच त्याचा पसारा. घोडा होता तो त्याच्या वडिलांचा, आणि तोही मरून आता वीस-पंचवीस वर्षं होत आलेली.

त्याचे वडील चिमाजी. त्यांना एकदा स्टेशनावर टांगा चालवायची हुक्की आली. आबाजीशेट म्हणून चिंचवडचे किराणा दुकानदार, त्यांचा सावकारीचाही थोडा धंदा होता. त्यांच्याकडून कर्ज काढून चिमाजींनी घोडा आणि टांगा घेतला. तीन महिन्यांत घोडा मेला. मागोमाग टांगा विकला गेला, पुढे काही वर्षांनी चिमाजीही गेले. कर्ज मात्र ठणठणीत राहिलं. बापाकडून कुणाला जमीन मिळते, कुणाला निदान नाक-डोळे तरी मिळतात. ज्योतीरामला एका मेलेल्या घोड्याचे हप्ते मिळाले.

हप्ता द्यायला तो दर महिन्याला दुकानात गेला की आबाजीशेट तराजूवरून मान वर न करता विचारायचे, “आणलास का रे घोड्याचा चारा?” दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. ज्योतीरामही हसायचा, कारण देणेकऱ्यानं सावकाराच्या विनोदाला हसायचं असतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण त्याच्या मनाला खरी टोचणी होती ती त्या घोड्याच्या गोष्टीची. चिमाजीला बाजारात फसवलं, रोगट जनावर गळ्यात मारलं, असं सगळं चिंचवड म्हणे. ज्योतीरामच्या लहानपणी घोडा नुसता आजारी होता. पुढे कुणीतरी त्याला एका डोळ्यानं आंधळा केला, कुणी एका पायानं लंगडा केला, आणि ज्योतीरामला मिसरूड फुटेपर्यंत तर तो घोडा मुळात खेचर होता इथवर गोष्ट आली. चिमाजींनी कधी कुणाचं बोलणं खोडून काढलं नाही. उलट कुणी विषय काढला की तेच म्हणायचे, फसवलं मला, आणि खाली बघायचे. घोडा गेल्यापासून हा माणूसच आक्रसल्यासारखा झाला होता. स्टेशनच्या रस्त्याला जाईना, टांगेवाल्यांत बसेना, सणाला पुरणपोळी केली तर दात दुखतो म्हणून भाकरी मागायचा आणि त्याच दातांनी ऊस सोलायचा.

बाप फसला म्हणजे पोरगाही फसणारच, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. इतरांचं सोडा, खुद्द दुर्गाबाई त्याला वांगी आणायला पाठवत नसे. तुमच्यात ते रक्तातच हाय, असं ती प्रेमानंच म्हणे, पण म्हणे. हळूहळू ज्योतीरामलाही ते खरं वाटू लागलं. भोपळा घ्यायचा तरी तो दहा वेळा उलटासुलटा करायचा आणि शेवटी न घेताच परत यायचा. कासारवाडीतल्या कादरच्या सायकल दुकानात रोज संध्याकाळी बसायचा, सायकलींकडे टक लावून बघायचा, पण विकत घ्यायची म्हटली की त्याला घाम फुटायचा. कारखान्यापर्यंतची तंगडतोड तेवढी चालू राहायची.

घोडा खरंच कसा होता, हे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. तो म्हणजे आबाजीशेट. बाजारात चिमाजींबरोबर तेच गेले होते. ज्योतीरामनं एकदा धीर करून विचारलंही होतं. तेव्हा शेट म्हणाले होते, “आधी फेड, मग विचार.”

शेटनी ते चेष्टेत म्हटलं असेल. ज्योतीरामनं मात्र ते मनात पक्कं धरलं. त्या दिवसापासून तो कर्ज फेडत होता ते इभ्रतीसाठी नव्हे आणि पुण्य लागावं म्हणूनही नव्हे. त्याला एक प्रश्न विचारायचा होता. कारखान्यात ओव्हरटाइम कुणी घेईना की हा हात वर करी. सोबतीचे म्हणत, राव, घोडा मेला तरी तुला अजून पळवतोयच की.

असा तो हप्ता हप्ता करत सत्तावन्न सालच्या थंडीत शेवटच्या हप्त्याला पोचला, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. कर्ज फिटल्यावर करतात काय? बारसं, लग्न, वास्तुशांत, सगळ्याला काही ना काही रीत आहे. नवा बैल आणला तर त्यालाही ओवाळतात. पण कर्ज फिटलं तर काय ओवाळायचं, हे त्याच्या खानदानात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणाचं फिटलंच नव्हतं. त्यानं चौकशी सुरू केली. भटजींनी पुष्कळ विचार केला आणि कर्ज फिटावं म्हणून एक स्तोत्र आहे, पण फिटल्यावर लोक आमच्याकडे येत नाहीत, असं प्रांजळपणे सांगितलं. खात्यातल्या मुकादमानं सगळ्यांना हॉटेलात भजी खाऊ घाल, असं सुचवलं. कादरनं तर क्षणाचाही विलंब लावला नाही.

“सायकल घे,” तो म्हणाला. “तुझ्याकडनं मी एकदम पैशे घेणार न्हाई. हप्त्यानं दे.”

ज्योतीरामनं त्याच्याकडे असं पाहिलं की कादर गुपचूप पंक्चर काढायला लागला.

शेवटी तोड दुर्गाबाईनं काढली. तिचं म्हणणं असं पडलं की आजवर आबाजीशेट या घरात कधी पाणीसुद्धा प्याले नाहीत, तर त्यांनाच जेवायला बोलवावं. ही गोष्ट खरी होती. आबाजीशेटचा तो नेम सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की जीभ जड होते आणि जड जिभेनं व्याज मागता येत नाही, असं ते म्हणत. शेट घरी येऊन पाणी प्याले, की कर्ज फिटल्याचं सगळ्या आळीला सांगायला वेगळी दवंडी नको. ज्योतीरामला ते एकदम पटलं. शिवाय जेवायला आलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याला निवांत प्रश्न विचारता येतो, हेही त्यानं मनात धरलं.

शेवटचा हप्ता त्यानं दुकानात नेऊन ठेवला तेव्हा आबाजीशेट नेहमीचं वाक्य बोलायचं विसरले. मोजायचंही विसरले. म्हातारा थोडा हिरमुसल्यासारखा झाला. आता पहिल्या तारखेला मी कुणाला चिडवू रे, असं म्हणाला. ज्योतीरामनं रविवारचं आमंत्रण दिलं. शेटनी कानामागे खाजवून जरा विचार केला, सगळं आठवून पाहिलं आणि आता यायला हरकत दिसत नाही, असं म्हणाले.

रविवारी कोट, टोपी, छत्री अशा थाटात शेट कासारवाडीला उतरले. आळीतल्या बायका दारांत उभ्याच होत्या. दुर्गाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. शेटनी आधी त्यात वाकून पाहिलं, मग घोटघोट करून तो अख्खा रिकामा केला.

“गोड आहे की तुमच्या विहिरीचं पाणी,” ते म्हणाले. “इतकी वर्षं उगाच तहानलेला परत जात होतो.”

पानं मांडली. दुर्गाबाईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. डाळ आणि गूळ तिनं शेटच्याच दुकानातून आणला होता, पण या वेळी रोख, आणि शेटना तराजूचा काटा दोनदा बघायला लावून. पोळीवर तुपाची धार पडली. शेटनी घास मोडला. आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारणं होणार नाही, असं ज्योतीरामला वाटलं.

“शेट, समदं फिटलंय न्हवं?”

“फिटलं बाबा.”

“मग आता विचारतो. घोडा रोगट होता का?”

शेटचा हात थांबला. “कोण म्हणतं?”

“समदं चिंचवड म्हणतंय. बा सोता म्हणायचा.”

शेटनी घास पुन्हा पानात ठेवला. मग म्हणाले, त्या दिवशी बाजारात चिमाजीनं जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. त्यानं घोड्याचे दात पाहिले, खूर पाहिले, खडकाळ जागी पळवून पाहिलं. रंग लावलेला असेल म्हणून ओल्या फडक्यानं अंग पुसून पाहिलं. इथे शेटना हसू आलं. विकणारा कंटाळून म्हणाला होता म्हणे, की अहो, तुम्ही घोडा घेताय का सोयरीक करताय? घोडा पांढराशुभ्र होता, कानांची टोकं तेवढी काळी. स्टेशनावर उभा राहिला की आगगाडीतली माणसं खिडकीतून बघत. चार टांगेवाले त्याच्यावर जळत होते.

ज्योतीराम ऐकत होता. त्याच्या आठवणीत घोडा म्हणजे फक्त एक ऊबदार वास होता, आणि तळहातावर आलेला मोठा ओला श्वास. त्या श्वासाला आता रंग आला, कान आले.

“मग त्यो मेला कशानं?”

आबाजीशेटनी पानातला घास उचलून त्याच्यासमोर धरला.

“ह्यानं.”

दुर्गाबाई हातात तुपाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

मग शेटनी सगळं सांगितलं. त्या साली दसऱ्याला ज्योतीरामची आई बाळंतपणाला माहेरी होती. चिमाजीनं घोड्याला न्हाऊ घातलं, झेंडूच्या माळा घातल्या, टांगा धुतला. आळीत पहिल्यांदाच घोडा आलेला. एकेका घरातून बाया आरती घेऊन आल्या, हळदकुंकू लावलं, आणि सणाचा म्हणून पोळीचा घास. कुणी अर्धी भरवली, कुणी दोन. कुणाला कुणाचं माहीत नाही. ज्याच्या दारात आरती आली त्यानं नको कसं म्हणायचं? चिमाजी प्रत्येकीला हात जोडत होता आणि घोडा खात होता. मग डाळ पोटात फुगली. दुसऱ्या दिवशी जनावरांचं औषधपाणीही करणारा नालबंद आला, त्यानं पोटावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. आपले पैसे आडवे झालेत म्हणून शेटही तिथे धावले होते.

“फसलोबिसलो काही नाही म्हणाला तुझा बाप. म्हणाला, पण शेट, लोकांना सांगीन की मला फसवलं. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, सगळ्यात पहिली पोळी पोरानं भरवली, माझ्या कडेवर बसून. उद्या आळी म्हणायची की चिमाजीच्या पोरानं घोडा खाल्ला. त्यापेक्षा चिमाजी खुळा म्हणू दे. माझ्याकडून त्यानं शब्द घेतला.”

दुर्गाबाईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं.

“आन् मंग मला ‘आधी फेड, मग विचार’ का म्हणालात?” ज्योतीरामनं विचारलं.

“मला काय माहीत तू फेडशील!” आबाजीशेट म्हणाले.

आधी हसली ती दुर्गाबाई. मग शेट हसले, आणि मग ज्योतीराम हसला, या वेळी कुणी सावकार समोर आहे म्हणून नव्हे. हसता हसता त्यानं उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण दुसऱ्याच्या घोड्याचं देणं फेडतोय. त्यात आपलाही वाटा होता, हे त्याला आज कळलं.

“मी किती पोळ्या भरवल्या?” त्यानं विचारलं.

“एकच. पण अख्खी.”

शेटनी तो घास तोंडात घातला. चांगल्या झाल्यात म्हणाले, आणि आणखी दोन मागून घेतल्या. मग ज्योतीरामही जेवला. बाप ज्या पोळीला आयुष्यभर शिवला नाही, ती खाताना दातात काही अडकतं का, हे तो कुतूहलानं पाहत होता. काही अडकलं नाही. नुसती गोड होती.

शेटना गाडीत बसवून तो परत आला तेव्हा कादरनं दुकानातून हाक मारली, “काय घोडेवाले, झालं का जेवण?” ज्योतीरामनं ओ दिली. कानांची टोकं काळी होती, एवढंच त्यानं कादरला सांगितलं. कादरला काहीच कळलं नाही, तरी त्यानं मान डोलावली.

घोड्याचा चारा आता घरातच राहू लागला. पुढच्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी ज्योतीराम कादरच्या दुकानात गेला, नेहमीच्या स्टुलावर बसला नाही. कादरनं पुढे केलेली पहिली सायकल त्यानं उचलून चाक फिरवून पाहिलं आणि परत ठेवली. चाक डुगडुगत होतं. दुसरीची साखळी सैल. तिसरी त्यानं ओल्या फडक्यानं पुसून पाहिली. कादर वैतागून म्हणाला, “भावा, सायकल घेतोस का सोयरीक करतोस?” ज्योतीराम त्या एका वाक्यानं असा खूश झाला की घासाघीस करायची विसरून गेला, आणि सगळे पैसे रोख मोजले.

दसऱ्याला दुर्गाबाईनं सायकल अंगणात उभी केली. हँडलला झेंडूची माळ घातली, घंटीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. शेजारच्या सुमनताई सवयीनं ताटात पोळीचा घास घेऊन पुढे आल्या. दुर्गाबाईनं त्यांच्या हातातून ते ताट अलगद काढून घेतलं.

“हिला फकस्त तेल चालतंय,” ती म्हणाली. “पोळी आपुन खाऊ.”