निवडणुकीपुरती जमा केलेली बंदूक

बदलापुरात कात्रपला आम्ही राहायला आलो तेव्हा घरामागे नुसती भातखाचरं होती. शेजारच्या बंगल्यावर दरोडा पडला आणि बाबांनी घाबरून दुनळी बंदुकीचा परवाना काढला. ते अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते; झुरळ मारायचं झालं तरी आईला हाक मारायचे. बंदूक घरात आली तेव्हा आई म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!"

त्या घोड्याचा खरारा मात्र बाबा मनापासून करत. बदलापूरचा पाऊस लोखंड खातो, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी बाहेरच्या खोलीत जुने पेपर अंथरले जात. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते बघायचं; "रिकामीच असेल" असं कधी धरून चालायचं नाही, हा त्यांचा नियम. मग उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या बाजारातून आणलेल्या मऊ चिंध्या गजाला गुंडाळून नळ्या पुसायच्या आणि वरून तेलाचा हलका हात फिरवायचा. चामड्याच्या खोळीत ती कधी ठेवत नसत, ओल धरते म्हणून. एका दसऱ्याला आईनं सवयीनं ओलं कुंकू लावलं, तर बाबा आरती संपायच्या आत फडकं घेऊन धावले. आम्ही पोट धरून हसलो होतो. बंदूक बाबांच्या कपाटात, काडतुसं आईच्या, आणि किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे.

नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्याला टाळं लागलं आणि बाबा घरी बसले. दाढी करेनात, पेपर उघडेनात, जेवायला हाक मारली की "हो" म्हणून तिथंच बसून राहत. आणि ऐन उन्हाळ्यात, गंज चढायची काही भीती नसताना, ते रोज बंदूक साफ करायला लागले. पुसून झाली तरी ती मांडीवर घेऊन बसायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून नुसती बघायची आणि इकडे भाजी करपायची. एकदा मला म्हणाली, "चोरांची भीती परवडली गं." काडतुसांची किल्ली ती आंघोळीलाही सोबत न्यायला लागली. बाबांनी ती कधी मागितली नाही. पण मागतील या धास्तीनं आम्ही दोघी घरात पाय न वाजवता वावरायचो. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांचा संतापही यायचा.

मग निवडणूक जाहीर झाली आणि हवालदार दारात आला. "काकी, साहेबांना सांगा, इलेक्शन होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला लागेल. सगळ्याच परवानावाल्यांना ऑर्डर हाय." आईनं त्याला बसवून चहा दिला, वर घरचे लाडू दिले. निवडणुकीचा एवढा आनंद मी उमेदवारांच्याही तोंडावर पाहिला नाही.

बंदूक गेली आणि आईला झोप लागायला लागली. पण निकाल लागले, आणि बंदूक घेऊन जा असा निरोप आला. आईनं तो दाबूनच ठेवला. शेवटी हवालदार बाजारात बाबांनाच भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आई दारात आडवी उभी राहिली. तिला हलकेच बाजूला करून ते गेले.

दुपारी परत आले ते रिकाम्या हातांनी.

"ठाण्यात कुणी नव्हतं का?" आईनं विचारलं.

"होते ना." बाबा चपला काढत म्हणाले. "त्यांना सांगितलं, परवाना रद्द करायचाय. ती आता घरी नको."

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिच्याकडे न बघता बाबा म्हणाले, "रोज पुसताना वाटायचं, तू येशील आणि माझ्या हातातून काढून घेशील. तू आलीच नाहीस गं."