तीन नंबर सोडून राहिलो

प्रताप नगरात म्हणतात की रुपराव हेडाऊ अंधारात चमकतात. लाइट गेली की त्यांच्या बायको, आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू, त्यांनाच ओट्याजवळ उभं करून पोळ्या लाटतात, इथपर्यंत मजल गेली आहे. खरं एवढंच, की स्कूटरवर घालायचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घरी आल्यावर काढायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. बाकी माणूस सावळा, ठेंगणा आणि साफ विझलेला.

घराणं उमरेडच्या विणकरांचं. बापाने जन्मभर सुताला रंग चढवला, मुलगा पाण्यातून विष उतरवतो. कन्हानच्या अलीकडे खनिजं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथे खाणीतले दगड तेजाबात विरघळवून पाहतात आणि उरलेलं किरणोत्सारी पाणी मागच्या शेडमध्ये रुपरावांकडे येतं. त्यात युरेनियम, शिसं, काय म्हणाल ते. रुपराव त्यात चुना आणि लोखंडाचा क्षार घालून घुसळतात, मग जड धातू गाळ होऊन टाकीच्या बुडाशी बसतात. गाळ पिंपात बंद होतो. वरचं निवळलेलं पाणी तपासणीत पास झालं तरच बाहेरच्या हौदात जातं आणि हौद भरला की नाल्यात. त्याच नाल्यावर वच्छलाकाकूंच्या भावाची वांग्याची वाडी आहे, त्यामुळे रुपरावांना सावधगिरी शिकवावी लागली नाही.

नियम एकच त्यांना पटत नसे. फोनवर टाकीबद्दल फक्त "चालू" किंवा "बंद" म्हणायचं. "मी काय पंखा आहे काय गा?" असं ते शेडमधल्या सगळ्यांना विचारून झाले होते.

त्या दिवशी तीन नंबरच्या टाकीचं पाणी पास झाल्याचा निरोप आला, तसं त्यांनी झडपेचं चाक फिरवून पाणी सोडलं. थोड्या वेळाने फोन वाजला. नव्या इन्चार्ज भूमिका मॅडम. पुण्याच्या, बोलणं इस्त्री केलेलं, पण आज त्याला घाईच्या सुरकुत्या.

"रुपराव, तीन नंबरचं काय केलंत?"

"तीन नंबर सोडून राहिलो, मॅडम."

पलीकडे मोठा श्वास सुटला. "बरं झालं. मग राहू द्या तसंच." आणि फोन बंद.

रुपराव रिसीव्हर हातात धरून उभे. पाणी सोडल्याचं मॅडमले एवढं बरं काहून वाटलं?

आणि त्यांना काकूंची भाजी आठवली. त्यांची सून मिनल, तीही पुण्याची. तिने आतून विचारलं होतं, "आई, जेवलात?" काकू पहिला घास हातात धरून म्हणाल्या, "जेवून राहिली वं." मिनलने ऐकलं की जेवण उरकलं, आणि उरलेली भाजी शेजारी आमच्याकडे पाठवली. भाजी फार चविष्ट होती. काकूंनी ती दुपार कोरड्या पोळीवर काढली.

सोडून राहिलो. आपण म्हटलं सोडतो आहे, मॅडमनी ऐकलं, तीन नंबर वगळून!

रुपराव धावले. पास झालेलं पाणी हुकमाशिवाय अडवलं तर साहेबांची बोलणी ठरलेली होती, पण चाकावर हात कधीच पडला होता. चाक अर्धं फिरलं आणि अडलं. आत चुन्याचा खडा अडकलेला. मधेच फोनकडे धाव घेतली तर मॅडमचा एंगेज, त्या वर साहेबांना सांगत असणार की तीन नंबर सुरक्षित आहे. खिडकीतून हौद दिसत होता. पाणी काठाकडे चढत होतं. रुपरावांनी चाकात लोखंडी पाइप अडकवला आणि सगळं वजन टाकून त्याला लटकले. चाक हलेना. पुन्हा लटकले, पाय जमिनीवरून सुटले. करकर झाली, चाक फिरलं, धार बारीक झाली आणि थांबली. हौद काठापासून बोटभर रिकामा होता.

फोन लागला. "मॅडम, तीन नंबर चालू होती. आता बंद."

मॅडमनी एकेक शब्द तोडून विचारलं, "चालू होती?"

"होती. हौदात आलं. नाल्यात नाही."

तपासणीच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. पास झालं ते दोन नंबरचं पाणी. तीन नंबरात शिसं अजून हद्दीच्या वर होतं. हौदातलं सगळं पाणी पंपाने परत आत घेतलं, पुन्हा चुना, पुन्हा घुसळण.

मी रुपरावकाकांची नक्कल अशी करते की काकूही आतून "आले का?" विचारतात. म्हणून मी पैज लावली. काकांनी मला ही गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगायची, आणि ज्याच्या तोंडून आधी "राहिलो, राहिली" निघेल त्याने तर्री-पोहे खिलवायचे. काका तयार झाले. जिथे तो शब्द येई तिथे ते नुसते खोकत. चाक अडलं, हौद काठाला आला, काका पाइपला लटकले, आणि तिथेच थांबून त्यांनी सावकाश चहाचा घोट घेतला. मी खुर्चीच्या टोकावर.

"गप्प काहून झाली वं?"

"ऐकून राहिली ना, काका, पुढे सांगा."

काकांनी कप ठेवला, जाकीट चढवलं, पोह्यांना निघायला स्कूटरची चावी उचलली आणि म्हणाले, "चालू."