बाटली उघडली का?

सहकार म्हणजे बहुमताचा आदर. बीड जिल्ह्यात हे तत्त्व भाषणांतून अनेकांनी सांगितलं. पण ते कसलीही तडजोड न करता जन्मभर पाळणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. सगळे त्यांना चेअरमन म्हणत. हे तत्त्व त्यांनी मुख्यतः पोर्ट वाईनला लावलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, नेकनूरच्या पुढे त्यांच्या गावी, घराच्या गच्चीवर आमची सभा भरे. विषय क्रमांक एक, मागील सभेचा वृत्तांत कायम करणे. विषय क्रमांक दोन, मागील सभेनंतर उघडलेल्या बाटल्यांचा आढावा. ज्यानं मधल्या काळात पोर्टची बाटली उघडली असेल त्यानं ती घेऊन यायची, कुठली, कशी मिळाली, कोणत्या निमित्तानं उघडली हे उभं राहून सांगायचं. निमित्तं साधीच असत. नातीचं बारसं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी नुसताच सोमवार. मग खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तेवढं प्लास्टिकचं माप प्रत्येकाला भरून मिळे आणि चव मतदानाला टाकली जाई. ‘सदर बाटली गोड असून शेवटी किंचित तुरट आहे’ अशी सूचना यायची, तिला अनुमोदन मिळायचं, हात वर व्हायचे. एकदा चव मंजूर झाली की ती तशीच लागली पाहिजे. मी एकदा सभा संपल्यावर, चपला घालता घालता म्हणालो की मला ती जरा करपलेल्या गुळासारखी वाटली. चेअरमन जिन्यातच थांबले. म्हणाले, “सर, हे सभेत बोलायचं हुतं. आता ती गोड हाय.”

सभासद पाच. डॉक्टर हे गुरांचे डॉक्टर, निवृत्त झालेले. कुठलीही बाटली चाखून ती म्हशीला मानवेल की नाही एवढंच ते सांगू शकत, आणि मतदानात बहुधा तटस्थ राहत. चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या गोठ्यात काढलेला माणूस ठाम बोलायचं टाळतो. सेक्रेटरी हे चेअरमनच्या संस्थेचेच सेक्रेटरी. ते चेअरमनच्या भुवया पाहून मत देत. पठाणमामूंचं नेकनूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. ते पीत नसत, म्हणून मतमोजणी त्यांच्याकडे. थर्मासमधून स्वतःचा चहा आणायचे आणि आमच्याकडे, लग्नात रुसलेल्या वऱ्हाड्यांकडे बघावं तसं बघत बसायचे. मी बीडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो. पोर्ट हे नाव पोर्तुगालमधल्या एका गावावरून पडलं, एवढी माहिती मी एकदा दिली आणि त्याच बैठकीत तज्ज्ञ संचालक झालो. तज्ज्ञ संचालकाला मताचा अधिकार नसतो. चेअरमननी तो मला दिला, कारण एरवी मतदार दोनच उरत होते.

स्वतः चेअरमन मत देत नसत. अध्यक्षानं मत समसमान पडल्यावरच द्यायचं असतं. डॉक्टर तटस्थ राहिले आणि माझं-सेक्रेटरींचं जुळलं नाही की तो योग यायचा. मग ते माप उचलायचे, डोळे मिटायचे, घोट तोंडात इतका वेळ धरायचे की मामू घड्याळ बघत, आणि शेवटी निर्णायक मत द्यायचे. पुष्कळदा मला वाटे, ही सगळी सभा त्या एका क्षणासाठीच भरवलेली आहे.

हा नाद त्यांना लागला तो संचालक मंडळाच्या अभ्यासदौऱ्यात. मंडळ उपसा सिंचन योजना बघायला म्हणून गोव्याला गेलं होतं. तिथे पाणी भरपूर असल्याचं आढळून आलं, असं त्यांनी परतल्यावर सांगितलं. इतर संचालकांनी काजू आणले. चेअरमननी पोर्ट आणली. पुढे त्यांनी प्रकृतीच्या कारणासाठी मिळतो तो पिण्याचा परवाना काढला आणि संस्थेच्या नोंदणीपत्राशेजारी तसल्याच फ्रेममध्ये टांगला. जेवणानंतर एक माप, त्याहून जास्त कधी नाही. “दारू पिऊन माणूस बोलतो, सर. पोर्ट पिऊन माणूस ऐकतो,” असं ते म्हणायचे. त्यांना ऐकताना मी कधी पाहिलं नाही, पण ते बहुधा माप लहान असल्यामुळे असेल.

घरी काकू माळकरी. बाटल्या कडब्याच्या खोलीतल्या एका कपाटात असत. काकू त्यांना ‘ह्यांचं औषध’ म्हणत, आणि कधी हलवायची वेळ आलीच तर सांडशीनं धरून हलवत. गरम पातेलं उतरवावं तशी पोर्टची बाटली उतरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. टँकर यायचा त्या दिवशी गावात दुसरं काही होत नसे. त्यामुळे दोन बाटल्यांच्या मध्ये मापं विसळायची नाहीत असा नियम होता. सभा संपल्यावर एकाच तांब्यात सगळी बुडवायची आणि ते पाणी दारातल्या लिंबाला. त्या लिंबाला पोर्टचा वास येऊ लागला आहे असा ठराव सेक्रेटरींनी एकदा मांडला होता. तो फेटाळला गेला. बीडहून आलेल्या एका पाहुण्यानं मापात थोडं पाणी मागितलं, तेव्हा चेअरमन त्याला अगदी मऊ आवाजात म्हणाले, “पाव्हणं, अजून पोर्ट घ्या. पानी लई महाग हाय.”

आता त्यांच्या संस्थेविषयी. चेअरमन ज्या संस्थेचे चेअरमन होते ती उपसा सिंचन संस्था. गावाखाली साठवण तलाव आहे, वर माळ आहे, माळावर वस्ती आहे. तलावाचं पाणी मोटारीनं उचलून माळावर न्यायचं, म्हणजे वस्तीवरच्या लोकांना दसऱ्यानंतर ऊस तोडायला परमुलखात जावं लागणार नाही, अशी ती योजना. चेअरमन घरोघर फिरले, लोकांना सभासद केलं, आणि ज्या वर्षी तलाव काठोकाठ भरला होता त्या वर्षी बरोबर काठावर जॅकवेल खोदली. ही म्हणजे तलावाचं पाणी ज्यात यायचं आणि जिथून मोटारीनं उचलायचं ती विहीर. पाइप टाकले, मोटार बसवली. पुढच्या वर्षी काठ निघून गेला. तो परत आलाच नाही. पाणी खाली कुठेतरी चमकायचं आणि जॅकवेल वर कोरडी उभी. मामू दरवर्षी मृगाच्या आधी जाऊन त्या मोटारीला ग्रीस लावून यायचे. न चाललेली मोटार इतकी चांगली राखलेली मी कुठे पाहिली नाही.

जागा चेअरमननीच निवडली होती. ते कधी नाकारत नसत. “विहीर बराबर हाय, सर. तळं चुकलं,” एवढंच म्हणत, आणि विषय बदलत.

त्यांचा एक पुतण्या जहाजावर नोकरीला होता. त्यानं एकदा खुद्द पोर्तुगालची बाटली आणून दिली. काळी, जड, बुचावर लाख. आम्ही रविवारची वाट पाहिली. चेअरमननी ती टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं की जॅकवेलला पाणी लागेल त्या दिवशीच ही उघडायची. त्या दिवसापासून आमच्या सभेला तिसरा विषय आला, ‘न उघडलेल्या बाटलीचा आढावा’. ती टेबलावर यायची, आम्ही तिच्याकडे बघायचो, विषय पुढील सभेवर जायचा.

चेअरमननी हे संस्थेच्या वार्षिक सभेतही बोलून टाकलं आणि बाटली गावाची झाली. पाऊस किती झाला हे कोणी विचारेना, “बाटली उघडली का?” एवढंच विचारायचे. उसाच्या फडातून वस्तीवरच्या पोरांचे फोन यायचे, आई कशी आहे, शेळी व्याली का, बाटली उघडली का. ज्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता असे टाळकरीसुद्धा विचारायचे. चेअरमन उत्तर द्यायचे, “बंद हाय.” ते उत्तर देऊन आले की त्या दिवशी जेवणानंतरचं माप घेत नसत, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

एका वर्षी परतीचा पाऊस चांगला लागला. तलाव चढू लागला. चेअरमन रोज काठावर जाऊन उभे राहायचे. पाणी जॅकवेलच्या तोंडापासून दोन हात खाली आलं आणि थांबलं. पाऊसही थांबला. त्याच आठवड्यात ट्रक आले. वस्तीवरची माणसं भांडी, बाजा, कोंबड्यांची खुराडी चढवत होती. आम्ही पाचही जण तिथेच होतो, कारण तो रविवार होता आणि चेअरमननी सभा वस्तीवर बोलावली होती. न उघडलेली बाटली सेक्रेटरींच्या पिशवीत होती.

शांताबाई म्हणून एक म्हातारी ट्रकच्या मागच्या फळीला धरून उभी होती. तिची दोन्ही मुलं उसाला जायची. ती म्हणाली, “चेअरमन, थोरल्यानं मुकादमाची उचल घेतलीय, त्याला जावंच लागतंय. धाकला अजून मोकळा हाय. तुमी बाटली उघडली तर त्याला अन् सुनंला उतरवते. गहू पेरतील.”

धाकटा वर ट्रकमध्येच होता. कडेवर लेक घेतलेली त्याची बायको आमच्याकडे बघत होती. ट्रकमधली सगळीच बघत होती.

डॉक्टर चेअरमनच्या कानाशी लागले. उघडून टाका, दोन हातांचा तर प्रश्न आहे, हस्ताचा पाऊस अजून गेलेला नाही. सेक्रेटरींनी तर रीतसर सूचनाच मांडली. मी अनुमोदन दिलं. डॉक्टरांनी हात वर केला. ते तटस्थ न राहिल्याचा मला आठवणारा तो पहिला प्रसंग. मामूंनी मोजले आणि म्हणाले, “तीन के तीन. सर्वानुमते हाय, चेअरमनसाब.”

चेअरमननी पिशवीतून बाटली काढली, हातात धरली, लाखेवरून अंगठा फिरवला. मग ती परत पिशवीत ठेवली.

“पानी बहुमतानं येत न्हाई,” ते म्हणाले. मग शांताबाईकडे वळून, “बंद हाय, माय. जाऊ द्या पोराला.”

शांताबाईनं फळीवरचा हात काढला. फळी वर झाली. ट्रक गेले. धूळ बसेपर्यंत चेअरमन तिथेच उभे होते, आणि परतताना मला एवढंच म्हणाले, “खोटी बाटली उघडली असती, सर, तर त्या लेकरानं उन्हाळ्यात काय प्यालं असतं?”

पुढे पाऊस झाला नाही. दिवाळीपर्यंत पाणी पुन्हा चमकण्याइतकं खाली गेलं. चेअरमन बरोबर ठरले, आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

त्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तर नळ्या लावलेल्या, आवाज खोल गेलेला. मला जवळ बोलावून विचारलं, मागल्या सभेनंतर काय उघडलं. मी सांगितलं, काहीच नाही, तुमच्यावाचून सभा कशी घ्यायची. त्यांनी बोटानं वर टांगलेली सलाईन दाखवली. “ही मात्र सकाळीच उघडली. चव कळंना.” त्यांनी सभेला सादर केलेला तो शेवटचा आढावा. चार दिवसांनी ते गेले.

त्याच वर्षी, भाद्रपदात, मामूंचा फोन आला. नेहमी लांबण लावणारे मामू एकच वाक्य बोलले, “सर, पानी लागलं.”

आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धं गाव तलावावर होतं. जॅकवेलमध्ये पाणी हलत होतं, आणि ज्या काठाची आम्ही इतकी वर्षं चेष्टा केली तो आपल्या जागी होता. मामूंनी मोटारीवरचा कपडा काढला, हात पुसले, बटण दाबलं. लाईट नव्हती. संध्याकाळी येईल असं कोणीतरी म्हणालं. लोक बसले.

तेवढ्यात काकू आल्या. घरापासून चालत आल्या होत्या. हातात सांडशी नव्हती. बाटली त्यांनी पदराखाली, दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती डॉक्टरांकडे देऊन म्हणाल्या, “उघडा. ह्यांनी तेवढं सांगून ठेवलंय.” मग हात तलावाच्या पाण्यात धुतले.

बूच आतल्या आत भुगा झालं होतं. सेक्रेटरींच्या उपरण्यातून गाळून घ्यावी लागली. शांताबाई पुढेच बसली होती. तिनं लाख फुटताना पाहिली, आणि मागे वळून धाकट्याला म्हणाली, “उघडली रं.” त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रक आले तेव्हा थोरला चढला. धाकटा चढला नाही. लाईट संध्याकाळी खरंच आली होती.

राहता राहिला चवीचा प्रश्न. लाईटची वाट बघता बघता आम्ही तिथेच, जॅकवेलच्या कठड्यावर सभा घेतली. चेअरमनच्या जागेवर त्यांचं माप भरून ठेवलं. मी म्हणालो, गोड. सेक्रेटरींनी सवयीनं त्या जागेकडे पाहिलं. तिथे भुवया नव्हत्या. त्यांनी आपलं माप संपवलं. मग ते हळूच म्हणाले, “तुरट.” इतक्या वर्षांत चवीबाबत त्यांनी स्वतःचं मत दिलेलं मी प्रथमच ऐकलं. डॉक्टर तटस्थ राहिले. मामूंनी मोजणी केली आणि समसमान असं जाहीर केलं.

त्या बाटलीची चव अजून ठरलेली नाही.