नयन ओहोळने ढोलकी का सोडली

या पोराचं पुढे कसं व्हायचं, ही काळजी विमल ओहोळच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. पोर म्हणजे चौतीस वर्षांचा घोडा. घोडबंदर रोडवरच्या उंच उंच टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, हाताखाली दोन माणसं आहेत. पण कुणी “जरा सरकता का” म्हटलं की नयन सरकायचा, आणि सरकत सरकत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. चुलतभाऊ नोकरीसाठी नगरहून आला, तर याने त्याला आपली खोली दिली आणि स्वतः बाहेर सोफ्यावर पाय दुमडून झोपू लागला. चुलतभावाचं लग्न झालं, तरी सोफा सुटला नाही. विमल म्हणायची, “बाळा, तू चांगला नाहीस, तू गुळगुळीत आहेस. हातात धरायला जागाच नाही.”

एक ढोलकी तेवढी त्याची स्वतःची होती. आजोबांनी शिकवलेली. डोंबिवलीतली त्यांची ख्रिस्ती मंडळी एका हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर भरायची. तिथे भजनाला नयन ढोलकी घेऊन बसला की डुलक्या घेणारेही टाळ्या वाजवू लागत. तिथे त्याला कुणी सरक म्हणत नव्हतं.

आणि नाताळ तोंडावर आलेला असताना तीही त्याने आपणहून खाली ठेवली. शेवंतीसाठी.

शेवंती कल्याणला कोळसेवाडीत राहायची, डबे करायची. वर्षभरापूर्वी ती ख्रिस्ताकडे आली. त्याआधी सासरी जागरणात ढोलकी घुमू लागली की तिच्या अंगात यायचं. लोक पाया पडायचे, प्रश्न विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिला उठवत नसे. “देव बदलला माझा,” ती एकदा विमलला म्हणाली होती, “पण पायांना कळत नाही हो. ढोलकी वाजली की ते माझे राहत नाहीत.” तिने कधी कुणाला थांबायला सांगितलं नाही. भजन सुरू झालं की ती खाली गेटपाशी जाऊन उभी राहायची.

हे एकट्या नयनच्या लक्षात आलं. बाकीच्यांना वाटलं, बाईला फोन आला असेल.

भजनीमंडळाचे प्रमुख देवराम मास्तर. चार पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच वाक्यांत कळायचीच. नयनने ढोलकी का ठेवली ते त्याच्याकडून कळल्यावर, सरावाच्या दिवशी त्यांनी विमलला बाजूला घेतलं.

“ढोलकीत कुठला देव बसलाय, ओहोळबाई? लाकूड आणि चामडं. आपण शिकलेली माणसं.”

“खरंय,” विमल म्हणाली. ते खरंच होतं.

“मग मुलाला समजवा. कोपरीच्या नाताळच्या कार्यक्रमाला वाजवायचं, नाहीतर बंटी बसेल त्याच्या जागेवर. कायमचा.”

गंमत अशी की दोनच रविवारांपूर्वी पाळकांनी बायबलमधल्या, मूर्तीला वाहिलेल्या मांसावर उपदेश केला होता. खायची मोकळीक असली, तरी त्यामुळे दुसऱ्या कुणाचा विश्वास डळमळत असेल तर ताट बाजूला सारावं. सगळ्यात मोठं आमेन देवराम मास्तरांचं होतं. म्हणायला काय जातं? खरोखर मांस सोडायची वेळ कुणावर आलीच नव्हती. घरोघरी मटण शिजायला टाकूनच मंडळी आली होती.

आत बंटीने ढोलकी बडवायला सुरुवात केली. शेवंती उठली, तिच्यामागे नयनही उठला. विमल नयनला चांगलं खडसावायचं ठरवून जिना उतरली, आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

शेवंतीने गेटचा गज दोन्ही हातांनी धरला होता. टाचा जमिनीवरून सुटत होत्या. आणि विमलचा मुका मुलगा बोलत होता. घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारा नयन मोठमोठ्याने, श्वास न घेता बोलत होता. वरचा ठेका वाढला की हाही वेग वाढवायचा.

“कुत्रा एकटाच आत शिरला, दार बंद, लिफ्ट वर. मालकीण जिन्याने पळतेय, कुत्रा लिफ्टने खाली. ती खाली आली की हा परत वर.”

“मग?” शेवंतीने दात आवळून विचारलं.

“मग काय, अकराव्या मजल्यावर उतरला. तिथल्या आजीने त्याला बिस्किटं घातली. आता तो मालकिणीला ओळख देत नाही.”

शेवंती हसली. टाचा खाली टेकल्या.

घरी परतताना विमलने विचारलं, “अरे, जागा जाईल तुझी.”

“जाईल.”

“काही वाटतं की नाही?”

“वाटतं ना. हात शिवशिवतात.” त्याने तळवे एकमेकांवर घासले. “पण आई, मला नुसते हात आवरायचेत. तिला अख्खं अंग.”



म्हणजे हा सरकला नव्हताच, विमलच्या मनात आलं. सरकायला सांगत होते ते मास्तर, आणि हा हलत नव्हता. गुळगुळीत म्हणे. चार पिढ्यांचं ख्रिस्तीपण मिरवणाऱ्या माणसाला एका बाईच्या टाचा दिसत नाहीत, आणि अशांच्या भजनात विमल वीस वर्षं मुख्य कडवी गात आली होती. ढोलकीला बंटी मिळाला. तिच्या आवाजाला मास्तरांनी बदली शोधलेली नव्हती. तशी गरज पडेल असं त्यांच्या चार पिढ्यांत कुणाला सुचलं नसेल.

पोराची काळजी होतीच. सोफाही होताच. ते एका फोनने मिटणार नव्हतं. पण सांगायचं वाक्य एकच होतं: टाळ्यांवर भजन होणार असेल तर ओहोळबाई येईल, ढोलकी असेल तर तीही खाली गेटपाशी उभी राहील.

तिने चष्मा लावला आणि फोनमध्ये देवराम मास्तरांचा नंबर काढला.