कंपनी दोन चाकांवर, आम्ही चारांवर

मंडळी, आज सौ.ना घेऊन कोल्हापुरात जीप घ्यायला गेलो, तर शोरूमवाला म्हणाला, "सर, चारही चाकांना जोर देणारं फोर व्हील ड्राइव्ह कंपनीनं बंद केलं. आता शहरातलं गिऱ्हाईक धरायचंय. जुना एकच पीस उरलाय."

शेजारी सर्व्हिसिंगला आलेला वडापवाला, म्हणजे खेडोपाडी शेअर जीप चालवणारा, हसला. "पावणं, कशाला पायजे त्ये? चिखलात रुतली की आतली माणसं उतरून ढकलत्यात. त्येच आमचं फोर व्हील!"

तर्कशास्त्र शिकलेल्या मला ते पटलंही. पण गाडी चालवणार आमच्या सौ., गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "माझ्या गाडीत अडलेली बाळंतीण असते. तिला ढकलायला उतरवू व्हय?"

वडापवालाच शोरूमवाल्यावर ओरडला, "आरं, द्या की त्यो पीस बाईस्नी!"

घेतला. मंडळी, तुमची गाडी रुतली तर उतरून ढकलणार कोण? आधी ते ठरवा, मग कंपनीचं ऐका.